चि. मनूस, खोक्याबद्दल

सांगली, 8 जानेवारी

चि. मनू,


काल फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, 'मावशी, एवढी महागाची खेळणी आणली, मेलीला कदर नाही. ज्या खोक्यातून ती आली त्यातच जाऊन बसते. आज खोकंच रद्दीवाल्याला दिलं, म्हणजे तरी खेळेल.' तू ऑफिसला निघाली होतीस म्हणून मी गप्प बसले. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. खोकं कशाला दिलंस गं?

चिंगीला, त्या मांजराच्या पिल्लाला, तुझ्याकडे येऊन अजून पंधरवडा व्हायचाय. तिला घर नवं, वास नवे, लिफ्टची घरघर नवी. मांजर आधीच एकांड्या शिकाऱ्याच्या वंशातलं. घाबरलं की ते आधी आडोसा शोधतं, कारण जखमी झालं तर त्याला शिकार आणून देणारं कुणी नसतं. नेदरलँड्समध्ये उट्रेख्तच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. 2014 साली ते छापून आलं. खोकं मिळालेली मांजरं पहिल्या दिवसांत पुष्कळ लवकर सावरली. आणि तू तिचा आडोसा, ती आत शिरल्या शिरल्या, किलोवर विकलास!

वर ही थंडी. अंगातली ऊब राखायला जास्तीची ताकद खर्चावी लागू नये म्हणून मांजराभोवती 30 ते 38 अंश तापमान लागतं. पुण्याच्या जानेवारीत तुझ्या त्या गुळगुळीत फरशीवर तिने पाय तरी कसा टेकावा? पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये हवा अडकलेली असते, ती ऊब धरून ठेवते. त्यात खोकं जेमतेम अंगाएवढं असलं की पाठ, पोट, शेपूट सगळं टेकतं. तुला ते भंगार दिसलं. तिला या घरात मिळालेली पहिली उबदार जागा होती ती.

आता खेळण्यांचं. बॅटरीवरचा उंदीर तू मला व्हिडिओवर दाखवलास. एकाच तालात गोल गोल फिरतो, पंजा मारला तरी तसाच फिरतो. असला उंदीर जगात कुठे असतो? खरं सावज दचकतं, थांबतं, कोपऱ्यात दबतं, चावलं की त्याचे तुकडे होतात. साउदॅम्प्टन विद्यापीठात सॅरा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी हे नीट तपासलंय. मांजरापुढे तेच खेळणं दोन-तीनदा ठेवलं की त्याचा रस संपतो. मात्र लगेच वेगळं काही दिलं तर ते पहिल्याहून जोरात खेळतं. 2002 सालचं संशोधन आहे हे. त्याआधी त्यांना असंही दिसलं होतं की भुकेलं मांजर जास्त खेळतं. म्हणून सांगते, जेवणाआधी खेळव, आणि सगळा पसारा एकदम मांडू नकोस. आज एक काढ, उद्या दुसरं.

किराणाच्या बिलाचा बोळा करून टाक एकदा. तो चुरचुरतो. आपले कान फार तर 20 हजार कंपनांपर्यंत ऐकतात, मांजराचे 85 हजारांच्या आसपास पोचतात. उंदरांची आपसातली चिवचिव त्याच वरच्या पट्टीत चालते. आपल्याला जेमतेम ऐकू येणाऱ्या कागदाच्या आवाजात तिला जिवंत हालचाल जाणवते. आणि त्या कॅटनिपच्या सुक्या पाल्याच्या उशीला तिने तोंड लावलं नाही म्हणून तू रुसलीस. अगं, ती वनस्पती पुदिन्याच्या कुळातली. लहान पिल्लांवर तिचा असर होत नाही, आणि मोठ्या मांजरांतही साधारण तिसरा हिस्सा तिच्याकडे ढुंकून बघत नाही. चिंगीचं वय बघ की जरा.

आपल्या त्या मांजरीला, ठमीला, कुणी काय विकत आणलं होतं सांग! माईंचं शिवणयंत्र, त्याच्या पायट्याखालचा अंधार आणि एक रिकामं लाकडी रीळ. ती रिळाकडे बघत आधी पोट जमिनीला टेकवायची. कान पुढे. मग मागचं अंग दोनदा डावी-उजवीकडे हलवायची आणि झडप! रीळ शहाबादी फरशीवर गडगडत जायचं, सांध्यात अडखळून भलतीकडेच वळायचं, आणि ठमी उडी मारून त्याच्या पुढे उभी. पुढच्या पंज्यांत धरून मागच्या पायांनी ते खरवडायची. दातांचे व्रण पडून पडून त्याची एक कड झिजली होती. अप्पा ओरडायचे तेव्हा ती रीळ तोंडात धरून फडताळाखाली जायची.

त्या रिळाला माईंच्या हाताचा वास होता, यंत्राच्या तेलाचा होता, आणि ठमीने गाल घासघासून लावलेला स्वतःचाही. मांजराच्या गालांत, हनुवटीत गंधाच्या ग्रंथी असतात. जे आपलं, त्यावर ते आपला वास चढवतं. दुकानातलं खेळणं रबराचा आणि गोंदाचा वास घेऊन येतं, त्याला घरचं व्हायला वेळ लागतो. चार दिवस ते तुझ्या वापरलेल्या ओढणीत गुंडाळून ठेव, मग दे.

पण माझं म्हणणं एवढ्यावर थांबत नाही मनू, आणि हे तुला प्रत्यक्षच सांगायचं होतं. तुझ्या घरात हाताने काही चालतच नाही. डाळ निवडून येते, मटार सोलून येतात, कपडे शिवून येतात, लसूणसुद्धा पाकिटात सोललेला. सकाळी कपाटांची दारं बंद, भांडी ड्रॉवरमध्ये, तू बाहेर. ते पिल्लू दिवसभर करणार काय, बघणार काय? मांजराचा जीव चाललेल्या कामात रमतो. शेंगा फोडायला बसलं की ते टरफलांत येणार, गादी झटकली की चादरीखाली शिरणार, सूप भिंतीला टेकवलं की त्याच्यामागे दडणार. लहान मुलांचं तरी काय वेगळं असतं? ताईच्या ओमला खोलीभर खेळणी आहेत, आणि सुट्टीत इथे आला तेव्हा दोन डबे आणि एक पळी घेऊन तो संध्याकाळपर्यंत हूं की चूं न करता बसला. ताई म्हणाली, गुणी झाला. गुणी तो आधीपासूनच आहे, त्याला हात घालायला काही मिळालं एवढंच. रविवारी तू निदान पालेभाजी जमिनीवर बसून निवड. माझ्यासाठी म्हणून कर.

आणि आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसले ते. परवाच्या व्हिडिओत ती ब्लाउजच्या हातशिलाईचा दोरा ओढत होती आणि तू हसत होतीस. माझ्या पोटात गोळा आला. घरातल्या वस्तू दे म्हणते आहे, पण दोरा देऊ नकोस. रिकामं रीळ दे, दोरा नको. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर चढला की तिला तो थुंकता येत नाही, तो आतच जातो. मग एक टोक जिभेखाली नाहीतर जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकतं आणि आतडं दुसरं टोक पुढे ढकलत राहतं. परकराच्या चुण्यांसाठी धावदोरा ओढल्यावर कापड गोळा होतं, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं, आणि दोरा त्याला आतून कापत जातो. सुईसकट गिळला तर विचारूच नकोस. पलीकडच्या काकूंच्या पांढऱ्या मांजरीचं पोट फाडावं लागलं होतं, विसरलीस?

ती उलट्या करायला लागली, जेवेनाशी झाली, कोपऱ्यात जाऊन बसली, तर संध्याकाळची वाट बघू नकोस. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नकोस, कापूही नकोस. तशीच डॉक्टरांकडे ने. केसांची रबरं, पार्सलची सुतळी, राख्यांचे गोंडे, सगळं बरणीत झाकून टाक. पिशव्यांचे बंद कापून ठेव, त्यात मान अडकते. कपाटातल्या डांबरगोळ्या काढ. आणि तिचं अंग गरम लागलं म्हणून आपली पॅरासिटॅमॉल मुळीच देऊ नकोस, मांजराला ते विषच आहे.

संक्रांत आठवड्यावर आलीय. हरित लवादाने 2017 मध्येच नायलॉनच्या मांज्यावर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि तुटून गॅलऱ्यांत लोंबतो. तुझी गॅलरी सहाव्या मजल्यावर, जाळी अजून बसवलेली नाही. भोगीच्या आधी जाळीवाल्याला बोलव. तोवर गॅलरीचं दार बंद, मग ती कितीही ओरडू दे. रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटव, तुझ्या त्या कामवाल्या मावशींनाही दाखव. आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून आज येताना एक खोकं माग, पिना काढून, चिकटपट्टी सोलून.

तो दोरा नंतर मिळाला का गं? पूर्ण मिळाला का? बघ आणि लगेच फोन कर. मी फोन जवळच ठेवलाय.

तुझी
मावशी