सुतकातली भाकर

ज्या घरी मृत्यू घडला तेथे सुतकात चूल पेटत नाही आणि शेजारपाजारची भाकर न सांगता येते, हा मराठवाड्याचा रिवाज मला प्रथम उमगला तो वडील गेले तेव्हा. अहमदपूरच्या आमच्या घरी आईभोवती बायांचा गराडा होता, ओसरीवर सातबारा, फेरफार नि वारसांच्या नोंदींचा खल चालला होता, आणि ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगून मला अंगणात पिटाळले होते. शेजारच्या एका आजीने मात्र मला जवळ बसविले, ज्वारीची भाकर कुस्करून तीवर करडीचे तेल नि तिखट घातले, आणि घास भरविता भरविता म्हणाली, “तुजा बाप आता माघारी येत नसतो, लेकरा. रड, पर जेव.” त्या दिवसांत माझ्याशी खरे बोललेले माणूस ते एकच.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून श्रांत झालेली माणसे गाढ निद्रेत असता, भूकंपाने किल्लारी-सास्तूर परिसरातील दगडमातीची घरे जड माळवदांसह कोसळली आणि सरकारी दप्तरी जवळपास आठ हजार मृत्यूंची नोंद झाली, तेव्हा आमच्या गल्लीतूनही भाकरींची गाठोडी तिकडे गेली. परंतु कित्येक लेकरांना जवळ बसवून घास भरविणारी आजीही ढिगाऱ्याखालीच होती. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांचे शिक्षण चालविले. पन्नालाल सुराणा यांनी अशाच अनाथ मुलांसाठी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे केले. दोन्ही कार्ये थोर. तरी माझे मन नळदुर्गकडे अधिक ओढ घेते, कारण तेथे आपली बोली, आपली ज्वारी आणि आपल्यासारखेच दुःख भोगलेले सोबती अनाथ मुलाला आपल्याच मुलखात लाभले, आणि अशा सोबत्यांपुढे त्याला काहीच समजावून सांगावे लागत नाही.

करोनाच्या साथीत शेजारची भाकर उंबरठ्यापर्यंतही पोहोचली नाही. आईबाप दोघेही गमावलेल्या बालकांच्या नावे राज्य शासनाने पाच लाखांची मुदत ठेव ठेवली, हे योग्यच झाले; पण रात्री दचकून उठणाऱ्या पोराजवळ बसण्याचे काम कोणत्याही खात्याकडे सोपविता येत नाही, ते गल्लीनेच करावयाचे असते.

तुमच्या गल्लीत असे लेकरू असेल तर तेराव्यानंतर, सारे पाहुणे परतल्यावर, त्याच्याकडे अवश्य जा, पुढल्या वर्षीही जा, आणि त्याच्या बापाचे नाव त्याच्यासमोर घ्यावयास कचरू नका.