मनगटावर बोटं, छातीवर नजर

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींत ‘दम लागायलाय’ ही तक्रार मोठी फसवी आहे. तक्रार श्वासाची, म्हणून आपण थेट फुप्फुसाकडे वळतो. स्टेथोस्कोप पाठीला लागतो, बोटाला ऑक्सिमीटरची क्लिप लागते, वाफ दिली जाते. माझं म्हणणं असं की श्वासाच्या तक्रारीची तपासणी मनगटापासून सुरू व्हायला हवी. तीन बोटं नाडीवर ठेवायची, अर्धा मिनिट ठोके मोजायचे आणि बोटं न उचलता पुढचा पूर्ण मिनिट पोटाची किंवा पदराची हालचाल पाहत श्वास मोजायचे. बोटं मनगटावरच ठेवण्याला कारण आहे. आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. नाडी मात्र इच्छेने बदलत नाही, म्हणून डॉक्टर नाडीच बघतायत असं रुग्णाला वाटू द्यावं. ही युक्ती जुनी आहे. मला ती नुसत्या युक्तीहून मोठी वाटते, कारण जी दोन कामं शरीरात कधीच वेगळी होत नाहीत, ती तपासणीतही इथे एकत्र येतात.

विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरून परत हृदयात येतं हे दाखवलं, पण धमनीतून शिरेत ते नेमकं कसं जातं हे त्यांना दिसलं नव्हतं. ती वाट १६६१ मध्ये माल्पिघी यांना सूक्ष्मदर्शकाखाली सापडली आणि ती सापडली बेडकाच्या फुप्फुसात. रक्ताभिसरणाचा हरवलेला दुवा श्वासाच्या अवयवात मिळावा, यात नवल काहीच नाही. हृदयाची उजवी बाजू फक्त फुप्फुसासाठीच राबते. विश्रांतीत मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फुप्फुसातून जातं आणि साधारण चार लिटर हवा वायुकोशांपर्यंत पोचते. दोघांमधला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. तांबडी पेशी त्या केशवाहिनीत जेमतेम पाऊण सेकंद थांबते, पण प्राणवायू भरून घ्यायला तिला त्याचा तिसरा हिस्साच पुरतो. उरलेला वेळ ही आपली शिल्लक. चढ चढताना किंवा कापसाचं गाठोडं उचलताना रक्त वेगाने पळतं, तेव्हा ही शिल्लक वापरली जाते. म्हणून पडदा जाड झालेला रुग्ण खुर्चीत बसून ठणठणीत दिसतो आणि दवाखान्याच्या आवारात एक फेरी मारली की धापा टाकू लागतो. तपासताना रुग्णाला थोडं चालवून बघावं, ते याचसाठी.

पण बिघाड फुप्फुसाबाहेर असला तरी धाप लागतेच. याचा सगळ्यात ठळक पुरावा महाराष्ट्राने जगाला दिला आहे. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि काही तासांत माणूस धापा टाकत गुलाबी फेस ओकू लागतो. पाहणाऱ्याला फुप्फुसच बुडताना दिसतं. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी कोकणात महाड परिसरात काम करताना या रुग्णांची नाडी, रक्तदाब आणि छाती तासन् तास एकत्र पाहिली. विषामुळे शरीरातली अॅड्रिनालिनसारखी द्रव्यं एकदम सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य भार पडतो, डावी बाजू हरते आणि मागे तुंबलेल्या रक्तातलं पाणी वायुकोशांत उतरतं. पाणी फुप्फुसात असतं, पण त्याचं मूळ हृदयावर पडलेल्या भारात असतं. स्टेरॉइड किंवा अॅलर्जीच्या इंजेक्शनांचा इथे उपयोग होत नाही. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरात आली आणि एकेकाळी घाऊक प्रमाणात होणारे मृत्यू अगदी थोडे उरले. या शोधाला मोठं यंत्र लागलं नव्हतं. लागली होती ती रुग्णाशेजारी बसून दोन्ही गोष्टी एकत्र मोजण्याची सवय. याच रुग्णाचे हात गार पडलेले असतात, त्यामुळे ऑक्सिमीटरची क्लिप त्याच्या बोटावर अनेकदा आकडा पकडतच नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.

क्लिपचा विषय निघालाच आहे तर तिच्या बाजूने होणारा युक्तिवाद नीट ऐकून घेतला पाहिजे. तो असा, की यंत्र दहा सेकंदांत आकडा देतं, त्यात माणसाची चूक नाही, कोविडमध्ये त्याने अनेकांचे प्राण वाचवले, मग दीड मिनिट कशाला घालवायचं? कोविडबद्दलचं म्हणणं खरंच आहे. तिथे बिघाड फुप्फुसात होता आणि क्लिप नेमकी तेच मोजते. पण आपल्याकडे दम लागण्याचं आणखी एक मोठं कारण रक्ताच्या कमतरतेत असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आता हिशेब बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरतं. हिमोग्लोबिन १५ असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटर प्राणवायू मावतो, ५ असेल तर सातही मावत नाही. पाच लिटर रक्त फिरलं की पहिल्या माणसाच्या शरीराला मिनिटाला हजार मिलिलिटर मिळतो, दुसऱ्याला साडेतीनशेच्या आत. आणि नुसतं पडून राहायलाही अडीचशेच्या आसपास लागतो. क्लिप मात्र दोघांच्या बोटावर ९८ दाखवते आणि दोन्हीकडे ती खरंच बोलत असते. जिनिंगच्या फाटकावर उभं राहून आलेली प्रत्येक गाडी काठोकाठ भरली आहे एवढंच नोंदवलं आणि आज गाड्या किती आल्या हे मोजलंच नाही, असा तो प्रकार आहे. गाड्या कमी आहेत हे आधी नाडी सांगते, कारण तूट भरून काढायला हृदयाला त्याच गाड्यांच्या जास्त फेऱ्या कराव्या लागतात. अशा बाईची ११० ची नाडी आणि २६ चा श्वास सोडून केवळ ९८ कडे पाहिलं, तर तिला दम्याचा पंप मिळतो. दुसऱ्या टोकाची चूकही होते. रक्त कमी आहे म्हणून पिशवी भराभर चढवली, तर आधीच शिणलेल्या हृदयाला तो भार पेलत नाही आणि पाणी पुन्हा फुप्फुसातच उतरतं. तीव्र रक्तक्षयात रक्त सावकाश द्यायचं, त्यामागचं कारण हेच.

दुसरा आक्षेप गर्दीचा. बाजाराच्या दिवशी बाहेर रांग लागलेली असताना प्रत्येकाला दीड मिनिट देणं अशक्य आहे, हे मान्य. पण मी ते प्रत्येकासाठी मागत नाही, दम लागतो म्हणणाऱ्यासाठी मागतो. शिवाय हे काम डॉक्टरनेच केलं पाहिजे असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दाईंना लहान मुलांचे श्वास मोजायला शिकवलं. त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधं उपकरणही तयार केलं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, जिथे असे श्वास मोजून उपचार झाले त्या गावांत निमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याच्या आसपास आले होते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका, हे आकडे आज आशाताईंना पाठ असतात. बाळाच्या बाबतीत पाळली जाणारी ही शिस्त मोठ्यांच्या बाबतीत का सुटते, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही. केसपेपरवर श्वासाच्या रकान्यात न मोजता १८ किंवा २० लिहिण्याची आपली सवय तर सर्वज्ञात आहे.

फवारणीच्या दिवसांत तर नाडी आणि श्वासाची ही जोडी उपचारच ठरवते. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत नाडी मंदावते आणि छातीत स्राव घरघरू लागतात. अॅट्रोपिन किती द्यायचं हे छाती कोरडी झाली का आणि नाडी ८० च्या वर गेली का, या दोन खुणांवरून ठरतं. तिथे एकीकडे पाहून दुसरी विसरणं परवडतच नाही. मण्यार चावलेल्याचं थोडं वेगळं असतं. त्याचं फुप्फुस धड, हृदय धड, पण श्वासाचे स्नायू लुळे पडत जातात आणि क्लिपवरचा आकडा अगदी शेवटपर्यंत चांगला राहतो. त्याला एका श्वासात एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजायला लावावं. दर खेपेला आकडा घटत असेल, तर वाट बघू नये.

तेव्हा माझ्या सहकाऱ्यांना, विशेषतः नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांना आणि सिस्टरना एकच विनंती. दम लागलेल्या रुग्णाला परभणीला पाठवताना चिठ्ठीवर ऑक्सिमीटरचा आकडा लिहाच, पण त्याच्याशेजारी स्वतः मोजलेली नाडी, पूर्ण मिनिट मोजलेला श्वास आणि हिमोग्लोबिन हेही वेळेसह लिहा.