बोटभर मासा आणि अक्काच्या दोन फायली

आमच्या सीमाभागात मासा म्हटला की विषय ताटातला. पण गेली काही वर्षे मी ज्या माशाविषयी मिळेल ते वाचतो आहे, तो ताटात घेण्याजोगा मुळीच नाही. लांबी जेमतेम दीड इंच, अंगावर निळे पट्टे, म्हणून नाव झेब्राफिश. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पोहतो. मूळचा मात्र आपल्याच उपखंडातल्या भातखाचरांचा आणि संथ ओढ्यांचा रहिवासी. १८२२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने. हा तोच बुकानन, ज्याने १८००-०१ मध्ये म्हैसूर-कानडा मुलूख पायाखाली घालून इथल्या शेतीभातीची टिपणे केली. पुढे अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी हा मासा हाती घेतला आणि त्यांच्या १९८१ च्या निबंधानंतर त्याला प्रयोगशाळेत प्रतिष्ठा आली.

माणसाच्या दुखण्याचा या चिमुकल्या जिवाशी काय संबंध? २०१३ साली त्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडली. त्यालाही स्वादुपिंड आहे, त्यात इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी आहेत. पाण्यात ग्लुकोज विरघळवून त्याला त्यात ठेवले, तर त्याच्याही रक्तातली साखर चढते. आणखी एक गंमत. या माशाच्या बीटा पेशींत जिवाणूचे एक जनुक घालतात आणि पाण्यात मेट्रोनिडाझोल सोडतात, तेच आपण जुलाबावर घेतो ते. त्या जनुकामुळे औषधाचे विष होते आणि नेमक्या तेवढ्याच पेशी मरतात. औषध काढून घेतले की थोड्याच दिवसांत पेशी पुन्हा उगवतात! पिल्लू काचेसारखे पारदर्शक असल्यामुळे हा सारा खेळ चिरफाड न करता सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. आपल्या शरीराला हे का जमत नाही, याचा शोध त्यातूनच चालू आहे.

हे सगळे मी वाचू लागलो ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे. अक्काच्या घरी दोन फायली आहेत. साखरेची फाईल टीव्हीशेजारी, आल्यागेल्याला दिसेल अशी. शेजारच्या कन्नड बाईंशी 'सक्करे कायिले'वर तिच्या तासन्‌तास गप्पा चालतात. दुसरी फाईल ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली. ती मनोविकारतज्ज्ञाची. पहिली गोळी ती चारचौघांत घेते, दुसरी स्वयंपाकघराचे दार लोटून.

पण शरीर काही असे दोन फायलींत वाटलेले नसते. ताण आला की कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवते. तेच यकृताला साखर सोडायला लावते आणि तेच मेंदूला भीतीचा हिशेब करायला लावते. उंदराचे मुख्य ताण-संप्रेरक वेगळे. माशाचे आणि माणसाचे मात्र हेच. याच माशावरचा २०१३ चा एक प्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. कॉर्टिसॉलचा निरोप झेलणारा ग्राहक जनुकदोषाने निकामी झालेले मासे नव्या टाकीत सोडले की थिजून जात. साधा मासा थोड्या वेळाने टाकी हिंडून पाहतो, सरावतो. हे सरावत नसत, कितीदाही सोडले तरी. पाण्यात फ्लुओक्सेटीन, म्हणजे माणसांना दिले जाणारे नैराश्याचेच औषध, घातल्यावर ते हिंडूफिरू लागले. आणि सोबतीला दुसरे मासे असले, तरीही वागणे सुधारले. तीस वर्षे वर्गात पहिल्या दिवशी थिजून बसणारी पोरे पाहिलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते सांगायला नको.

अर्थात मासा उदास आहे असे म्हणणे धाडसाचे. तो थांबला, हलला, एवढेच दिसते. त्याला पहाटे तीनला जाग येते का, आपण घराला ओझे झालो असे वाटते का, हे कोण सांगणार? ते माणसानेच सांगावे लागते, आणि आमच्याकडे अडते ते तिथेच. साखरेचा आकडा मराठीत तोच, कन्नडमध्ये तोच. पण 'जीव घुसमटतो' हे डॉक्टरांना कन्नडमध्ये कसे सांगायचे, हे चाळीस वर्षे इथे काढूनही अक्काला उमगेना. शेवटी तिचा मुलगा बरोबर गेला. आईचे ते वाक्य त्याने आधी स्वतः ऐकले, पहिल्यांदाच, आणि मग कन्नडमध्ये सांगितले.