सावलीचा वाटा

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा छायाचित्रकारांच्या विशेष आवडीचा. पावसाळा ओसरला की मीही दरवर्षी तेथे जातो. कडा पश्चिमाभिमुख असल्याने सायंकाळी सूर्य थेट भिंगासमोर येतो. वर आकाश पेटलेले आणि खाली कोकणातील दरी अंधारलेली. डोळ्यांना दोन्ही दिसते. चित्रात मात्र दोन्ही एकत्र सामावणे कठीण असते, आणि तेथे संगणकावरील ‘टोन कर्व्ह’ हे साधन कामी येते.

ही चौकोनात आखलेली एक रेषा होय. डावीकडे तळाशी निव्वळ काळे, म्हणजे 0. उजवीकडे माथ्याशी निव्वळ पांढरे, म्हणजे 255. रेषा सरळ तिरपी असेल तर चित्र जसेच्या तसे राहते. तिचा एखादा भाग वर उचलला की तेवढ्या छटा उजळतात, खाली ओढला की गडद होतात. सर्वांत प्रचलित वळण इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे: सावल्या खाली, उजेड वर. त्याने मधल्या छटा उठून दिसतात. परंतु दोन्ही टोके स्थिर असल्याने मध्ये चढ वाढला की कडांना रेषा सपाट होतेच. एका भागाला दिलेला उठाव दुसऱ्या भागातून वजा होतो.

तो कोठून वजा करावा, हा माझ्यापुढे केवळ तंत्राचा प्रश्न नाही. चित्रातील त्या काळोख्या कोपऱ्यात पायथ्याच्या वाड्या आहेत आणि त्यांपैकी एकीत माझे बालपण गेले. एकदा मी एकाच दृश्याच्या दोन प्रती आईपुढे ठेवल्या. पहिलीत आकाश भव्य, दरी काळीभोर. दुसरीत आकाश किंचित फिके, पण दरीतील हिरवी खाचरे ओळखू येणारी. आईने पहिली बाजूला सारली. दुसरीवर बोट ठेवून ती म्हणाली, “ही आपली खाचरं.”

सावली उजळण्यालाही मर्यादा आहे. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात. त्यांतील निम्म्या एकट्या सर्वांत उजळ ‘स्टॉप’च्या वाट्याला जातात. अंधाराच्या वाट्याला मोजक्याच उरतात. म्हणून सावली फार ताणली की चित्रावर दाणे उमटतात. आकाशातील तपशील पुसला जाणार नाही इतपत, पण शक्य तितका अधिक प्रकाश टिपतानाच घ्यावा लागतो. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास मांडलेली ‘झोन सिस्टिम’ हेच शिकवते: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे कल्पून, कोणता भाग कोणत्या टप्प्यावर यावा हे बटण दाबण्यापूर्वीच ठरवावे.

आज आपल्या शाळेतील मुलामुलींच्या हाती येणाऱ्या मोबाइलमध्येही ही रेषा उपलब्ध आहे. ती वळविण्यापूर्वी त्यांनी चित्राचा सर्वांत गडद कोपरा मोठा करून पाहावा. तेथे कोणाचे घर आहे, कोणाचे शेत आहे, हे पाहून मगच आकाशाला किती द्यायचे ते ठरवावे.