पोट लहान, पंगत मोठी

'पोट भरलं' हे वाक्य जालन्याच्या माणसाला कळत नाही. म्हणजे शब्द कळतात, पण 'पाहुणा संकोच करतोय, अजून अर्धी भाकरी वाढा' असा त्यांचा अर्थ लावायची इकडची रीत आहे. पानावर दोन्ही हात आडवे धरले तर यजमान बोटांच्या फटीतून तूप सोडतो. 'जालना, सोने का पालना' असं आमच्या गावाबद्दल पूर्वापार म्हणतात. पाळण्यातल्या पोराला विचारून कोणी दूध पाजत नाही, आणि इथे मोठेपणीही त्या बाबतीत फारसा फरक पडत नाही.

अशा गावात राहून मी २०२२ साली माझ्या जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकला. मी म्हणजे, संभाजीनगरच्या एका सर्जनने. वजन होतं एकशे चौतीस किलो. ऑटोवाले मला 'दोन शीट' म्हणत, ते मी हसण्यावारी नेत होतो. पण वडील शुगरने गेले ते अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि मला सत्तावन्न पूर्ण होत आलं होतं. वजनकाट्यावरचा आकडा सोडून हाच हिशेब मला रात्री दिसायचा.

घरी सांगितल्यावर मामा उसळले. "पैसे देऊन पोट कापून घ्यायचं? बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन आमची वजनं फुकटात उतरली होती!" त्यावर कोणी काय बोलणार? शेवटी धाकट्या भावाने हुकमाचं पान टाकलं. "नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं." खाण्याचा एवढा शौकीन माणूस आपल्या पोटाला हात लावू देतो म्हटल्यावर मामा विचारात पडले. आमच्याकडे वैद्यकीय सल्ल्यापेक्षा राजकीय दाखला जास्त चालतो.

हा शोध लागला कसा, हेही मला भावानेच वाचून दाखवलं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे सर्जन होते. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन वाढत नाही, हे ध्यानात घेऊन त्यांनी १९६६ साली वजनासाठी म्हणून जठरावरची पहिली बायपास शस्त्रक्रिया केली. माझी केली ती तिची पुढली भावकी. पोटाला चार-पाच भोकं पाडायची, दुर्बीण घालायची, जठर उभं कापायचं, केळ्याएवढी नळी ठेवायची आणि कड टायटॅनियमच्या बारीक पिनांनी शिवून टाकायची. सगळा मामला दीड-दोन तासांचा. आमचे शेजारी भंगाराच्या धंद्यातले. जालन्यात सळयांचे कारखाने, त्यामुळे भंगारवाल्याला मान असतो. भेटायला आले ते पोटाकडे बघत म्हणाले, "पिना गंजणार तर नाहीत ना भाऊ?" टायटॅनियम गंजत नाही म्हटल्यावर त्यांनी किलोचा भाव विचारला.

ऑपरेशन हा यातला सोपा भाग, कारण तेव्हा मी बेशुद्ध होतो. पुढलं सगळं शुद्धीवर राहून करायचं होतं. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, मग हळूहळू आपलं जेवण. म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा उष्टावण. आहार सांगणाऱ्या बाईंनी कागदच दिला होता. रोज निदान साठ ग्रॅम प्रोटीन, जेवताना ते आधी, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. घास सुपारीएवढा. वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवण वीस मिनिटांच्या आत संपवायचं नाही. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. पाणी दिवसभर घोट घोट.

यातलं शेवटचं कलम मला सर्वांत सोपं गेलं. नळाची आठ-आठ, दहा-दहा दिवस वाट पाहिलेल्या आणि २०१३ च्या उन्हाळ्यात टँकरमागे पळालेल्या जालनेकराला घोट घोट पाणी पिणं बाहेरच्या माणसाने शिकवायची गरज नाही.

चावण्याचं मात्र अवघड. आमच्या घराण्यात घास गिळतात, चावणं हे पान-सुपारीसाठी राखून ठेवलेलं असतं. मी मनात आकडे मोजत बसलो की समोरच्याला वाटे, याला काहीतरी टोचतंय. एका लग्नात नवऱ्या मुलीचे काका माझ्यासमोर उभे राहिले, हातात जिलबीचं ताट. "आमच्याकडचं गोड लागत नाही वाटतं?" माझा आकडा सतरावर होता, तोंड उघडता येईना. याच जिल्ह्यात जांबला समर्थ रामदास जन्मले. 'सावधान' ऐकून ते बोहल्यावरून पळाले अशी कथा सांगतात. त्यांच्याइतका नसेल, पण अठराव्या आकड्याला मीही त्या मांडवातून दिसेनासा झालो.

मोसंबीचंही तसंच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि इथे पाहुण्याला रस देणं हा जवळजवळ जिल्हाधर्म. बाईंचं म्हणणं, रस नको, फोडी चावून खा. रस नळीतून सरळ घसरतो, पोटाला पत्ता लागत नाही आणि साखर मात्र पोचते.

या घसरण्याचं महत्त्व मला एका गृहस्थांकडून कळलं. आमची ऑपरेशनं एकाच आठवड्यातली. त्यांचं फरसाणचं दुकान आहे. पहिल्या वर्षी माणूस असा उतरला की उधारीवाले ओळखेनात. भूक जागवणारं रसायन बहुतेक जठराच्या कापलेल्या भागातच तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक लागतच नाही. वाटतं, आपण जिंकलो. पण वर्ष-दोन वर्षांनी ती परत दार वाजवायला येते. भाकरी दोन घासांत अडते, बारीक शेव मात्र तोंडातच विरघळते आणि चिमूट चिमूट करत दिवसभर आत जाते. तिसऱ्या वर्षी त्यांचे अकरा किलो परत आले. "पोट लहान केलं हो," मला म्हणाले, "पण दुकान तेवढंच राहिलं." हसले, पण डोळे भरले होते. आता पहाटे आम्ही दोघं मोती तलावाकडे चालायला जातो. त्यांनी शेवेची बरणी गल्ल्याजवळून उचलून मागच्या फळीवर ठेवली आहे. तिथवर जाईपर्यंत विचार बदलतो म्हणतात. कधी बदलतो, कधी नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीची टक्केवारी छापलेली असते. आमचं गाव बियाण्याचंच, पण सवयीच्या पिशवीवर काही छापलेलं मला अजून आढळलं नाही. पेरायचं आणि रोज जाऊन बघायचं.

२०२३ साली अधिक श्रावण आला. अधिक महिना म्हणजे जावयाचा, आणि सासुरवाडी मंठ्याला. धोंडे, वर तेहतीस अनारसे. माझं पोट मोठ्या वाटीएवढं, आणि सासूबाई तेहतीसवर ठाम, कारण तो आकडा धर्माचा. वाटाघाटी दोन दिवस चालल्या. तोडगा निघाला तो मेहुणीच्या डोक्यातून: तेहतीस अनारसे ताटात मांडायचे, ओवाळायचं, मी त्यातला एक कोपरा मोडायचा, उरलेले गल्लीत वाटायचे. सासूबाईंना पटलं. गल्लीने तेव्हापासून पुढच्या अधिक महिन्याची तारीख विचारायला सुरुवात केली.

खरा प्रश्न होता आईचा. तिचं वय एक्याऐंशी, आणि मायेचं माप म्हणजे भाकरी. सुरुवातीचे काही महिने ती माझ्या ताटातल्या चतकोराकडे बघायची आणि स्वतःही चतकोरच खायची. "काहून रे, भरलं?" एवढंच विचारायची. वडिलांच्या शेवटच्या वर्षात तिने त्यांना चोरून लाडू दिले होते, हे तिने मला तेव्हा सांगितलं. "मागायचे, मग काय करावं?" त्यावर मी काही बोललो नाही. तिचा हात धरून बसलो.

मग एक दिवस तिने तो कागद मागून घेतला. प्रोटीनला ती 'पोटीन' म्हणते, आणि शब्द पोटावरूनच आला असणार अशी तिची खात्री आहे. पिठल्यात पोटीन, मठाच्या उसळीत पोटीन, अंड्यात सहा ग्रॅम. अंडं ती शिवत नाही, पण हिशेब ठेवते. आमच्याकडच्या दगडी ज्वारीला २०२४ साली मानांकन मिळालं, तेव्हा तिने पहिला प्रश्न तोच केला, "तिच्यात पोटीन किती?" जन्मभर घ्यायच्या गोळ्यांचा डबाही तिच्याकडेच असतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र चालत नाही, मध्ये दोन तास जावे लागतात. तिने त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ अशी नावं ठेवली आहेत आणि डब्यातही समोरासमोर येऊ देत नाही.

मला एकोणसाठावं लागलं त्या सकाळी तिने ओवाळलं. वाटीत चमचाभर शिरा होता. तो मी वीस वेळा चावून खाल्ला, शिऱ्यात चावण्यासारखं काही नसताना. मग तिने पाण्याचा पेला दूर सरकवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अर्धा तास थांब. मग धाकटी देते."