समुद्र डाव्या हाताला

गुहागर तालुका तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. उत्तरेला वाशिष्ठीच्या मुखाची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीच्या मुखाची जयगड खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. पूर्वेकडे चिपळूणच्या अंगाला तेवढी जमीन जोडलेली. उत्तर टोकाच्या धोपाव्यापासून दक्षिण टोकाच्या तवसाळपर्यंत सरळ रेघ मारली तर ती सुमारे ३० किलोमीटर भरते. किनाऱ्याच्या गावांमधून जाणारा रस्ता मात्र पन्नाशी ओलांडतो. सायकलींसाठी मार्ग आखणे हे माझे काम आहे, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दोन-तीन दिवसांच्या फेरीसाठी याहून चांगला तुकडा मला माहीत नाही.

मार्ग विचारायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. एकूण किती किलोमीटर, आणि समुद्र सतत दिसेल ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे फारसे उपयोगी पडत नाही. इथला किनारा जांभ्या दगडाच्या सड्यांनी बनलेला आहे. शंभर ते दीडशे मीटर उंचीचा सपाट, उघडा सडा समुद्रापर्यंत येतो आणि तिथे तुटतो. दोन सड्यांच्या मधे एखादी छोटी नदी किंवा पऱ्या समुद्राला मिळतो, तिथे पुळण साठते, पुळणीमागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीत गाव. हेदवी, वेळणेश्वर, पालशेत ही गावे अशीच वसलेली. एका गावातून दुसऱ्या गावात जायचे म्हणजे घाटी चढून सड्यावर यायचे आणि पलीकडे उतरायचे. दिवसभरात अंतर ४० किलोमीटरच होते, पण चढ जमत जमत हजार मीटरच्या आसपास पोचू शकतो. म्हणून इथे मी आधी चढ मोजतो, अंतर मागाहून.

घाटीचा चढ काही ठिकाणी १० टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे १०० मीटर रस्त्यामागे १० मीटर उंची. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८० किलो वजन धरले आणि वेग ताशी ६ किलोमीटर ठेवला, तरी नुसते वजन वर न्यायला सुमारे १३० वॅट लागतात. नियमित सायकल चालवणाऱ्याला एवढे थोडा वेळ जमते. मात्र गिअर हलका हवा. पुढच्या चकतीला आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला सारखेच दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा होतो, साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. त्याहून जड गिअरवर या घाट्यांत गुडघे दुखू लागतात. सामान घेऊन येणाऱ्याला मी त्याहूनही हलका गिअर लावून घ्यायला सांगतो आणि त्यात तडजोड करत नाही.

समुद्र दिसण्याबद्दलचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. किनाऱ्याला चिकटून गेले की समुद्र जास्त दिसतो, ही समजूत या भागात खरी ठरत नाही. वाडीतल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गडगे आणि माडांची दाटी असते. समुद्र दोनशे पावलांवर असतो, ऐकू येतो, पण दिसत नाही. पुळणीवर उभे राहिले तर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून क्षितिज पाच किलोमीटरच्या आतच संपते. तेच सड्याच्या कडेला १०० मीटर उंचीवर उभे राहा, क्षितिज सुमारे ३६ किलोमीटर दूर जाते. खाली मासेमारीच्या होड्या, दक्षिणेकडे जयगडची बाजू, पलीकडे पुढचे टोक आणि त्याच्या मागचे टोक. हा देखावा चढून गेल्यावरच मिळतो. त्यामुळे घाट्या टाळणारा मार्ग मी आखत नाही. चढाच्या माथ्यावर थांबायला जागा कुठे आहे, ते मी शोधतो.

फेरी कुठल्या दिशेने घालायची, यावर मी सर्वांत जास्त वेळ देतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. जपानमध्येही वाहने डावीकडून जातात. तिथल्या सुमारे २०० किलोमीटर घेराच्या बिवा सरोवराला सायकलने वळसा घालणाऱ्यांना घड्याळाच्या उलट्या दिशेने जायला सांगतात, कारण मग पाणी कायम डाव्या हाताला राहते आणि मधे समोरून येणारी वाहने येत नाहीत. द्वीपकल्पात जमीन आत आणि पाणी बाहेर, म्हणून दिशा उलटी होते. इथे देवळाला घालतो तशीच प्रदक्षिणा घालावी. जमीन उजव्या हाताला, समुद्र डाव्या हाताला. म्हणजे पश्चिम किनारा दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जायचा.

यात वाऱ्याची अडचण येते. हिवाळ्यात इथे दुपारी खारे वारे वायव्येकडून येतात आणि उत्तरेकडे जाणाऱ्याच्या तोंडावर बसतात. पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत मात्र जमिनीवरून हलके मतलई वारे वाहतात किंवा हवा पडलेली असते. म्हणून किनाऱ्याचा भाग सकाळीच उरकायचा. सकाळचा सूर्य पूर्वेला, म्हणजे उजव्या खांद्यामागे असतो, त्याचा उजेड समुद्रावर पडतो आणि पाण्याचा रंग खरा दिसतो. दुपारी त्याच पाण्याकडे डोळे उघडे ठेवून पाहता येत नाही. आतल्या भागातून दक्षिणेकडे जायचा टप्पा दुपारी ठेवला की तोच खारा वारा पाठीशी येतो.

यावरून तीन दिवसांची फेरी तयार होते. पहिल्या दिवशी गुहागरहून अंजनवेल. गोपाळगडाचा तट, टाळकेश्वराचे देऊळ आणि दीपगृह बघायचे, मग धोपाव्याच्या धक्क्यावर जाऊन परतायचे. दापोलीकडून येणारा दाभोळहून फेरीबोटीने थेट धोपाव्यालाच उतरतो. दुसऱ्या दिवशी शृंगारतळी, आबलोली करत आतून दक्षिणेला तवसाळच्या बाजूला. हा टप्पा मी थोडक्यात सांगतो, कारण तो पुढे पोचण्यासाठीच आहे, आणि शृंगारतळीच्या बाजारपेठेत गर्दी असते. तिसऱ्या दिवशी उजाडताच निघून रोहिले, हेदवी, वेळणेश्वर, कोंडकारूळ, अडूर, पालशेत, गुहागर.

हेदवीला कधी पोचायचे, ते तिथी पाहून ठरवावे. उमा-महेश्वराच्या देवळाजवळ काळ्या खडकात बामणघळ ही अरुंद भेग आहे. भरतीचे पाणी तीत घुसले की कोंडून उंच उसळते, ओहोटीला तिथे नुसता खडक दिसतो. कोकणात भरतीचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. द्वादशीचे पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. त्रयोदशीला पावणेदहा. तवसाळहून सकाळी निघालेला स्वार घाट्या चढत, थांबत बरोबर याच वेळी हेदवीत येतो. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होतो, म्हणून भरती-ओहोटीचे छापील तक्तेही पाहावेत. पण तारीख धरताना मी आधी पंचांग उघडतो. घळीच्या काठावरचा खडक निसरडा असतो, लाटेच्या माऱ्यात कुणीही उभे राहू नये.

फोनवरच्या नकाशांवर मार्ग सोपवून निघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची गल्ली, नकाशा कधीकधी रस्ता म्हणून दाखवतो आणि भर उतारावर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दुसरी गोष्ट उंचीची. बऱ्याच नकाशांतली उंची फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेल्या मोजणीवर आधारलेली आहे. तिचे चौकोन सुमारे ३० मीटरचे. घाटीचा रस्ता उतारात कोरलेला असतो, त्यामुळे एकाच चौकोनात वरची दरड आणि खालची वाडी दोन्ही येतात आणि चढाचा आकडा भलताच निघतो. म्हणून घाटी प्रत्यक्ष चढून हवेच्या दाबावरून उंची मोजावी लागते. दर ८ मीटरला दाब साधारण १ मिलिबारने उतरतो. पण आपल्या अक्षांशांवर सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात हवेचा दाब आपोआपच सुमारे ३ मिलिबारने कमी होतो आणि यंत्राला वाटते आपण २५ मीटर वर आलो. मी दर वेळी धक्क्यावर किंवा पुळणीवर यंत्र पुन्हा शून्याला लावतो.

गावांचे वेळापत्रकही मार्गाचाच भाग आहे. मुक्कामाची एसटी पहाटे गाव सोडते. एकेरी घाटीत ती वळणावर समोर आली तर दोघांनाही जागा नसते, तेव्हा आदल्या संध्याकाळी तिची वेळ विचारून ठेवावी. घरगुती खाणावळीत जेवण सकाळी सांगितले तरच दुपारी ताट वाढले जाते. सड्यावर सावली नाही आणि पाणीही नाही, दोन बाटल्या भरूनच घाटी चढावी. दिवाळीच्या सुमारास भातकापणी चालू असते, आणि ऊनही कडक असते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. शिमग्यात पालख्या घरोघरी फिरतात, त्या दिवसांत सायकल बाजूला लावून पालखीसोबत चालावे.

पुळणीवरून सायकल नेण्याची हौस अनेकांना असते. गुहागरच्या लांबलचक किनाऱ्यावर ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, म्हणून मोह होतो. माझ्या मार्गात हा तुकडा नसतो. हिवाळ्यात याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथे दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवली गेली. त्यांतली बागेश्री दक्षिणेकडे पोहत थेट श्रीलंकेपर्यंत गेली. एवढ्या लांबच्या प्रवाशांनी निवडलेली जागा आपल्या चाकांसाठी नाही. कडेने सुरूच्या बनामागून चांगला रस्ता आहे.

सागरी महामार्गाच्या योजनेत दाभोळ आणि जयगड या दोन्ही खाड्यांवर पूल आहेत. ते होतील तेव्हा मोटारी थेट या द्वीपकल्पातून दक्षिणेकडे धावतील आणि आज शांत असलेल्या घाट्यांवर वर्दळ वाढेल. पुलांना माझा विरोध नाही. रात्री रुग्णाला पलीकडे न्यायचे असते तेव्हा खाडी म्हणजे काय, हे तवसाळच्या माणसाला विचारावे. माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पुलाच्या समुद्राकडच्या बाजूला कठड्याने वेगळी केलेली दोन मीटरची सायकलपट्टी आराखड्यातच धरावी, कारण एकदा खांब उभे राहिले की पूल रुंद होत नाही. आणि घाट्यांमध्ये रस्ता रुंद करताना चढाच्या बाजूला दीड मीटरची डांबरी कड ठेवावी, म्हणजे ताशी सहा किलोमीटरने चढणारा माणूस मागच्या एसटीला वाट देऊ शकेल. उताराच्या बाजूला ती नसली तरी चालेल.