बंगळूर ते बेळगाव : आकाशमार्गे

बंगळूरहून बेळगाव किती दूर, असे कोणी विचारल्यास 'कोणत्या वाटेने?' असा उलट प्रश्न अवश्य करावा. देवनहळ्ळीच्या केंपेगौडा विमानतळापासून सांबऱ्याच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती सुमारे ४४५ किलोमीटर, म्हणजे जुन्या मापाने पावणेतीनशे मैल भरते. मोटारीचा रस्ता सुमारे ५०० किलोमीटरांचा. आगगाडी मात्र अरसीकेरे, दावणगेरे, हुबळी, लोंढा अशी वळणे घेत ६०० किलोमीटरांहून अधिक चालते.

पंख्यांचे लहान विमान ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास उडते. त्या हिशेबाने तासाभराचेही काम नाही. परंतु धावपट्टीपर्यंत सरकणे, उंची गाठणे आणि उतरण्यासाठी वेग आवरणे यांत वेळ जातो. म्हणून एकंदर सव्वा तास धरावा.

हे झाले विमानाचे गणित, प्रवाशाचे निराळे. बंगळूरचा जुना विमानतळ विमान-कारखान्याला लागून होता. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० साली काढलेला तोच हा कारखाना. मे २००८ मध्ये प्रवासी विमाने देवनहळ्ळीस गेली आणि शहराच्या मध्यापासून विमानतळ सुमारे ३५ किलोमीटर दूर झाला. दक्षिणेकडील वस्तीतून निघणाऱ्यास गर्दीच्या वेळी दोन तास हवेत, तपासणीसाठी दीड तास हाती हवा, आणि सांबऱ्याहून बेळगाव शहर आणखी दहा किलोमीटर. घरापासून घरापर्यंत साडेपाच तास सहज होतात. रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस याहून बराच अधिक वेळ घेते, हे खरे. पण तो बहुतेक झोपेत जातो.

हे मी शिकलो ते एका डिसेंबरात. रात्री नऊला धाकट्या भावाचा दूरध्वनी आला : नानांना रुग्णालयात ठेवले आहे, सकाळी अकराला शस्त्रक्रिया. गाडी सुटण्यास अवकाश होता. परंतु सव्वा तासाच्या मोहाने मी पहाटेच्या विमानाचे तिकीट काढले. देवनहळ्ळीच्या माळावर हिवाळ्यात पहाटे धुके उतरते, याचा विचारच मनात आला नाही. काचेपलीकडे विमान दिसेना, मग धावपट्टीही दिसेनाशी झाली. घड्याळात अकरा वाजले, तेव्हा मी बंगळुरातच बसून होतो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी न विचारताच थर्मासमधला चहा पुढे केला. तो मी घेतला, पण घशाखाली उतरेना.

रुग्णालयात पोचलो, तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. नाना शुद्धीवर आले होते. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि क्षीण आवाजात म्हणाले, "राणी चन्नम्मा आज वेळेवर होती हो. मी सकाळीच चौकशी करवली होती."